वाचकांचे प्रश्न : मनावर परिणाम करणारी द्रव्ये प्राण्यांच्या शरीरात कुठे जातात?

गेल्या अंकातील एका टिपणात असे म्हटले होते की, गांजातील टीएचसी हे नशा आणणारे मुख्य द्रव्य प्रयोगशाळेतील प्राण्यांना दिल्यानंतर काही काळाने तपासले, तर ते मेंदूपेक्षा चरबीत कितीतरी अधिक सापडते. या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकसारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जे द्रव्य मेंदूवर काम करते ते मेंदूत कमी आणि चरबीत जास्त, हे पटत नाही. ते मेंदूतच साठायला नको का?

उत्तर : द्रव्य एखाद्या ऊतीत साठणे आणि तिथे त्याचा परिणाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांमधील शंका या दोहोंची गल्लत झाल्यामुळे निर्माण झाल्या आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

रक्तात आलेले द्रव्य कोणत्या अवयवात किती जाईल, हे सुरुवातीला मुख्यतः त्या अवयवाकडे किती रक्त वाहते यावर ठरते. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असतो, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा त्याला मिळतो. दर १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त जाते, तर विश्रांतीच्या अवस्थेत तेवढ्याच वजनाच्या चरबीला जेमतेम २ ते ३ मिलिलिटर मिळते. इतर सस्तन प्राण्यांत आकडे वेगळे असले तरी क्रम साधारण हाच राहतो : फुप्फुसे, मूत्रपिंडे, हृदय, यकृत आणि मेंदू यांना भरपूर रक्त मिळते, विसावलेल्या स्नायूंना बेताचे आणि चरबीला अगदी थोडे. त्यामुळे मेदात सहज विरघळणारे द्रव्य शिरेत टोचले की साधारण मिनिटभरात मेंदूतील त्याचे प्रमाण शिखर गाठते. चरबीला त्या द्रव्याची ओढ कितीही असली, तरी ते तिच्यापर्यंत पोहोचते फार हळू. पुढे तासामागून तास जातात तसे रक्तप्रवाहाचे महत्त्व कमी होते आणि कोणती ऊती द्रव्य किती धरून ठेवू शकते याला महत्त्व येते. मेंदूतून द्रव्य रक्तात परतते, रक्तातून स्नायूंकडे आणि मग चरबीकडे जाते. म्हणून ‘कुठे जास्त?’ या प्रश्नाला ‘केव्हा?’ हा उपप्रश्न जोडल्याशिवाय अर्थ राहत नाही.

याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण गांजाचे नसून भुलीच्या औषधाचे आहे. थायोपेंटाल हे औषध शिरेतून दिले की माणूस किंवा कुत्रा अर्ध्या-एक मिनिटात बेशुद्ध होतो आणि एकाच मात्रेनंतर पाच-दहा मिनिटांत शुद्धीवर येऊ लागतो. गंमत अशी की त्या वेळी औषधाचा बहुतेक सगळा भाग शरीरातच असतो, कारण यकृत ते इतक्या झपाट्याने मोडू शकत नाही. मग शुद्ध कशी येते? १९५०च्या सुमारास बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध चरबीत मोठ्या प्रमाणावर साठते असे दाखवले, आणि चरबी औषध ओढून घेते म्हणून जाग येते, असा समज रूढ झाला. १९६० मध्ये हेन्री प्राइस यांनी रक्तप्रवाहाचे गणित मांडून हा समज दुरुस्त केला. चरबीला मिळणारे रक्त इतके कमी असते की पहिल्या दहा मिनिटांत ती फारसे काही शोषूच शकत नाही, आणि त्या काळात मेंदूतून निघालेले औषध मुख्यतः स्नायूंत व इतर चरबीरहित ऊतींत जाते. चरबीतील प्रमाण त्यानंतर कित्येक तास वाढत राहते. अनेक मात्रा दिल्या किंवा औषध सतत चालू ठेवले, तर स्नायू आणि चरबी दोन्ही भरत जातात, मेंदूतील औषधाला जायला जागा उरत नाही आणि शुद्ध यायला फार उशीर लागतो. पशुवैद्यकातही हे औषध वारंवार टोचण्याबाबत सावध राहण्याचे कारण हेच आहे.

ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना थायोपेंटालनंतर जाग यायला बराच उशीर होतो, आणि त्याचे कारण त्यांच्या अंगावर चरबी नसते हे आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. हे स्पष्टीकरण ऐकायला सुटसुटीत आहे, पण अपुरे आहे. १९८०च्या दशकातील अभ्यासांत असे दिसले की या जातीचे यकृत हे औषध इतर कुत्र्यांपेक्षा सावकाश मोडते, आणि यकृतातील विकरांना चालना देणारे फिनोबार्बिटाल आधी काही काळ दिले तर ग्रेहाउंडही लवकर जागे होतात. दोष केवळ चरबीच्या अभावाचा असता, तर फिनोबार्बिटालने काही फरक पडला नसता.

आता टीएचसीकडे वळू. राफाएल मेकुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्राएलमध्ये हा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्यानंतर लवकरच त्याला किरणोत्सारी खूण लावून तो प्राण्यांच्या शरीरात कुठे जातो, हे पाहणे शक्य झाले. पाण्यापेक्षा तेलकट माध्यमात तो हजारो ते लाखो पट अधिक विरघळतो, आणि रक्तातही त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना व मेदवाहक कणांना चिकटून असतो. क्रॉइझ आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९७३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की चरबीतील त्याचे प्रमाण इतर ऊतींच्या अनेक पट होते आणि ते दीर्घकाळ टिकून राहते. २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी लार्ज व्हाइट जातीच्या डुकरांना शिरेतून टीएचसीची एकच मात्रा देऊन वेगवेगळ्या वेळी त्यांच्या ऊती तपासल्या. अर्ध्या तासाने सर्वांत अधिक प्रमाण फुप्फुसांत होते, यकृतातून द्रव्य लवकर नाहीसे झाले, आणि सर्वांत सावकाश ओसरले ते चरबीतून. फुप्फुसे वरच्या क्रमांकावर येण्यात नवल नाही. शिरेत टोचलेले सगळे द्रव्य रक्ताबरोबर पुढे कुठेही जाण्याआधी त्यांच्यातूनच जाते.

चरबीतील टीएचसी तिथे असेपर्यंत जवळजवळ निरुद्योगी असते. नशा येते ती मेंदूतील ठरावीक ग्राहींना, म्हणजे विशिष्ट रेणू धरणाऱ्या पेशींवरील प्रथिनांना, ते चिकटल्यामुळे. १९९० मध्ये माइल्स हर्कनहॅम यांच्या गटाने अनेक सस्तन प्राण्यांच्या मेंदूंचे काप घेऊन या ग्राहींचा नकाशा तयार केला. हालचालींचे नियंत्रण, समतोल आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत ते दाट होते, तर श्वसन व हृदयगती सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठात अत्यंत विरळ. अफूजन्य द्रव्यांप्रमाणे टीएचसीने श्वास सहसा का थांबत नाही, याचे मुख्य स्पष्टीकरण या नकाशात आहे. ऊतीत द्रव्य किती पोहोचले हे मोजून ते कधीच मिळाले नसते, कारण देठातही द्रव्य पोहोचतेच. तिथे त्याला धरण्यासारखे फारसे काही नसते, एवढेच.

प्रश्न : मग उपवास केला किंवा भरपूर धावले, तर चरबी वितळून तिच्यातले टीएचसी पुन्हा रक्तात येईल आणि नशा चढेल का?

उत्तर : ही शंका संशोधकांनाही आली होती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने उंदरांना दहा दिवस रोज टीएचसी टोचले, मग ते बंद केले, आणि काही उंदरांना २४ तास उपाशी ठेवले, तर काहींना ताणाच्या वेळी स्रवणारे एसीटीएच हे संप्रेरक दिले. चरबीचे विघटन वाढवणाऱ्या या उपायांनंतर रक्तातील टीएचसी किंवा त्यापासून तयार झालेल्या पदार्थाचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणजे साठा बाहेर येऊ शकतो, हे तत्त्व प्राण्यांत तरी सिद्ध झाले.

माणसांत हा परिणाम फारच फिका आहे. २०१३ मध्ये नियमित गांजा ओढणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटे व्यायामाच्या सायकलवर बसवले, तेव्हा रक्तातील टीएचसी थोडेसे वाढले, आणि ही वाढ अधिक स्थूल व्यक्तींत अधिक होती. पुढच्याच वर्षी नॉर्वेत केलेल्या एका छोट्या अभ्यासात व्यायाम आणि उपवास या दोहोंनीही उल्लेखनीय फरक पडला नाही. उंदरांना वजनाच्या मानाने बरीच मोठी मात्रा दिलेली होती आणि एवढ्या लहान प्राण्याला २४ तासांचा उपवास माणसापेक्षा कितीतरी कडक जातो, हे लक्षात घेतले तर या दोन निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. चरबीतून झिरपणारे अल्पसे द्रव्य चाचणीत सापडणे शक्य आहे. त्यावरून नशा चढेल असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

प्रश्न : द्रव्य कोणत्या अवयवात किती आहे हे शोधतात कसे? प्राणी कापून पाहणे एवढाच मार्ग आहे का?

उत्तर : फार काळ तोच मार्ग होता आणि आजही नव्या औषधांच्या तपासणीत तो वापरला जातो, पण त्यातही पद्धतींचे बरेच प्रकार आहेत.

१९५४ मध्ये स्वीडनचे स्वेन उल्बर्ग यांनी एक विलक्षण युक्ती वापरात आणली. किरणोत्सारी खूण लावलेले औषध उंदराला द्यायचे, ठरलेल्या वेळी त्याला वेदनारहित मृत्यू देऊन क्षणार्धात गोठवायचे, आणि गोठलेल्या अख्ख्या शरीराचे नाकापासून शेपटीपर्यंत अत्यंत पातळ काप चिकटपट्टीवर उचलून घ्यायचे. हे काप वाळवून क्ष-किरणांच्या फिल्मवर काही आठवडे दाबून ठेवले की जिथे औषध असेल तिथे फिल्म काळी पडते. एकाच चित्रात मेंदू, डोळा, यकृत, आतडे, हाडांतील मगज आणि गर्भार मादीच्या पोटातील पिल्लेसुद्धा दिसतात. उल्बर्ग यांनी आरंभी हे पेनिसिलिनसाठी केले होते, पण मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासाला याचा मोठा उपयोग झाला, कारण कुणाला संशयही आला नसता अशा जागी फिल्म काळी झालेली आढळली.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच मोठी आहे. फिल्म काळी करते ती खूण, औषध नव्हे. यकृताने रेणू मोडला तरी खूण त्याच्या तुकड्यावर कायम राहते, आणि ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) खूण तर कधी कधी रेणू सोडून शरीरातील पाण्यात मिसळते. टीएचसीच्या बाबतीत ही अडचण विशेष आहे. यकृत त्याच्यापासून आधी ११-हायड्रॉक्सी-टीएचसी तयार करते, जे मूळ द्रव्याइतकेच नशा आणणारे असते, आणि नंतर एक आम्ल तयार करते, ज्याने नशा येत नाही पण जे शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. १९७०च्या दशकातील काही शोधनिबंधांत ‘टीएचसीचे प्रमाण’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो प्रत्यक्षात या तिघांची बेरीज असू शकतो, म्हणून असे जुने आकडे वाचताना मी आधी पद्धतीचा परिच्छेद पाहतो. आता ऊती वाटून द्रावकाने द्रव्य वेगळे काढतात आणि क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या साहाय्याने प्रत्येक रेणू स्वतंत्र ओळखून मोजतात.

तरीही वाटलेल्या ऊतीत एक खोट उरते. मेंदूच्या तुकड्यात केशवाहिन्यांमधले रक्तही येते, आणि ज्या द्रव्याचे रक्तातील प्रमाण मोठे पण मेंदूतील प्रमाण नगण्य असते, त्याच्या बाबतीत एवढ्याशा रक्तानेही उत्तर चुकते. शिवाय मेंदूही मेदाने समृद्ध आहे. तिथे पोहोचलेल्या द्रव्याचा मोठा भाग पेशींच्या पटलांत आणि प्रथिनांत अडकून राहतो, ग्राहींना चिकटू शकतो तो फक्त पेशींभोवतीच्या द्रवातील मोकळा भाग. तो मोजण्यासाठी मायक्रोडायलिसिस हे तंत्र आहे. केसाहून थोडी जाड, अर्धपार पटलाची नळी जिवंत प्राण्याच्या मेंदूत बसवून तिच्यातून संथपणे द्रव सोडतात आणि त्यात झिरपून आलेले द्रव्य दर काही मिनिटांनी तपासतात. एखाद्या औषधाचे मेंदूतील एकूण प्रमाण रक्तद्रवाच्या दहापट आणि मोकळे प्रमाण मात्र रक्तद्रवाइतकेच, असे निष्कर्ष या तंत्राने पुन:पुन्हा हाती आले आहेत. एकूण आकड्यावर भिस्त ठेवून औषध निवडण्याची सवय त्यामुळे मोडली, आणि ते योग्यच झाले.

प्राण्याचा जीव न घेता पाहण्याचा मार्ग म्हणजे पेट स्कॅन, म्हणजे शरीरातील किरणोत्सारी खूण बाहेरून टिपणारे चित्रण. यात कार्बन-११ सारखी, २० मिनिटांत निम्मी होणारी अल्पजीवी खूण वापरतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत जोआना फाउलर आणि सहकाऱ्यांनी अशी खूण लावलेले कोकेन बबून माकडांना व माणसांना अत्यल्प मात्रेत दिले. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात ते साधारण ४ ते १० मिनिटांत शिखराला पोहोचले आणि २५ मिनिटांच्या आसपास निम्म्यावर आले. कोकेनची धुंदी इतक्या लवकर का चढते व का उतरते, याच्याशी हा वेग चांगला जुळतो.

प्रश्न : मी पशुवैद्यकाची विद्यार्थिनी आहे. जुलाबावर दिले जाणारे लोपेरामाइड हे अफूच्या कुळातले असूनही त्याने गुंगी येत नाही, पण कॉली जातीच्या कुत्र्याला त्याने गुंगी येते, असे वर्गात सांगितले. असे का?

उत्तर : हा प्रश्न फार आवडला, कारण औषधाचे वाटप केवळ विद्राव्यतेवर ठरत नाही हे यातून स्पष्ट होते.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की द्रव्याला त्यांच्या मधून वाट मिळत नाही, त्यांच्या आरपारच जावे लागते. मेदात विरघळणे इथे उपयोगी पडते. विल्यम ओल्डनडॉर्फ यांनी १९७२ मध्ये उंदरांच्या मानेतील धमनीत वेगवेगळी अफूजन्य द्रव्ये टोचून १५ सेकंदांनी मेंदू तपासला, तेव्हा हेरॉइनचा ६८ टक्के, मेथाडोनचा ४२ टक्के आणि कोडीनचा २४ टक्के भाग आत शिरलेला होता, तर मॉर्फिनचे प्रमाण मोजता येण्याइतकेही नव्हते. हेरॉइन म्हणजे दोन अ‍ॅसिटिल गट जोडलेले मॉर्फिनच. या दोन गटांमुळे ते भिंत झटकन ओलांडते आणि आत गेल्यावर त्यापासून मॉर्फिनच तयार होते.

या हिशेबाने लोपेरामाइड तर सहज आत जायला हवे, कारण ते मेदात उत्तम विरघळते. ते आत शिरतेही, पण भिंतीतील पेशींत असलेले पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन त्याला लगेच परत रक्तात फेकते. या प्रथिनाचे मेंदूतील महत्त्व कळले ते जवळजवळ अपघाताने. अ‍ॅमस्टरडॅम येथे आल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने ते बनवणारे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यांत गोचिडीसारख्या परजीवींचा प्रादुर्भाव झाला म्हणून सगळ्या उंदरांवर आयव्हरमेक्टिनचा फवारा मारला, आणि जनुक नसलेले उंदीर मोठ्या संख्येने दगावले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार या उंदरांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिनचे प्रमाण सामान्य उंदरांच्या ८७ पट होते. याच उंदरांना लोपेरामाइड दिल्यावर त्यांच्यात मॉर्फिनसारखी लक्षणे दिसली.

कॉली आणि तिच्या जवळच्या काही मेंढपाळ कुत्र्यांत याच जनुकातील चार अक्षरे निसर्गतःच गळालेली आढळतात. अमेरिकेतील संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवले. दोन्ही प्रती सदोष असलेल्या कुत्र्यात प्रथिन कार्यक्षम नसते, त्यामुळे लोपेरामाइड मेंदूत टिकते आणि गुंगी, तोल जाणे, लाळ गळणे अशी लक्षणे दिसतात. यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे, आणि व्यवसाय सुरू केल्यावर या जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन, लोपेरामाइड किंवा भुलीपूर्वीचे अ‍ॅसिप्रोमझीन देताना ती आठवावी.

प्रश्न : एका औषधाच्या माहितीत ‘वितरण आकारमान किलोमागे १५ लिटर’ असे वाचले. एक किलो शरीरात १५ लिटर कसे मावतील?

उत्तर : मावत नाहीत. ही संख्या प्रत्यक्ष जागेची नसून, दिलेली मात्रा भागिले रक्तद्रवातील प्रमाण असा हिशेब आहे. रंग विरघळवलेल्या पाण्याच्या बादलीत तळाशी तो रंग शोषणारे कापड असेल आणि आपण फक्त वरचे पाणी तपासत असू, तर पाणी इतके फिकट दिसेल की बादली प्रत्यक्षापेक्षा कैकपट मोठी असल्याचा भास होईल. ऊती असेच करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील औषध किंवा क्लोरप्रोमझीन हे मनोविकारांवरील जुने औषध ऊतींत इतके बांधले जाते की रक्तात त्याचा लवलेश उरतो आणि हे आकारमान किलोमागे १० लिटरच्या वर जाते. उलट, दारूतील अल्कोहोल शरीरातील पाण्यात पसरते, चरबीत जात नाही, म्हणून त्याचे आकारमान किलोमागे ०.५ ते ०.७ लिटर एवढेच असते. मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचेही किलोमागे एक लिटरहून कमी आहे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते : लिथियमची विषबाधा रक्त डायलिसिसने शुद्ध करून आटोक्यात आणता येते, अ‍ॅमिट्रिप्टिलिनची आणता येत नाही, कारण यंत्रातून फिरणाऱ्या रक्तात ते असतेच किती?

अशी बरीच औषधे आम्लारीधर्मी असतात, आणि त्यांच्या बांधले जाण्यात चरबीपेक्षा आम्लतेच्या फरकाचा हात मोठा असतो. रक्ताचा सामू ७.४ असतो, तर पेशींमधील लयकारिकांचा (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचा) ५च्या आसपास. विद्युतभार नसलेला रेणू पटल ओलांडून आत जातो, आम्लात त्याच्यावर भार येतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. लयकारिकांनी भरलेली फुप्फुसे आणि यकृत अशा औषधांनी समृद्ध का असतात याचे हे एक कारण आहे. गाय-म्हैस अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांत शिरेतून दिलेले आम्लारी औषध पोटाच्या पहिल्या, किंचित आम्लधर्मी आणि प्रचंड मोठ्या कप्प्यातही याच मार्गाने अडकते. दूधही रक्तापेक्षा थोडे आम्लधर्मी असल्याने अशी औषधे दुधात उतरतात, हे दुभत्या जनावराला औषध देताना विसरून चालत नाही.

मृत्यूनंतर हा बंध सुटतो. पेशींचे विघटन सुरू झाले की फुप्फुसांतले आणि यकृतातले औषध शेजारच्या हृदयातील रक्तात झिरपते आणि तिथले प्रमाण जिवंतपणीच्या काही पट होऊ शकते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलेल्या उंदरांवर याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे, आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ शवविच्छेदनात हृदयाऐवजी मांडीच्या शिरेतले रक्त घेणे पसंत करतात ते यामुळेच.

प्रश्न : काळ्या केसांत मादक द्रव्य अधिक सापडते, हे खरे आहे का?

उत्तर : अनेक आम्लारी द्रव्यांच्या बाबतीत खरे आहे. अंगावर काळे आणि पांढरे दोन्ही प्रकारचे केस असणाऱ्या उंदरांच्या जाती प्रयोगशाळेत असतात. त्यांना कोकेन, कोडीन किंवा अ‍ॅम्फेटामाइन दिले की एकाच प्राण्याच्या काळ्या केसांत ते पांढऱ्या केसांपेक्षा कितीतरी अधिक मिळते, कारण मेलॅनिन हे रंगद्रव्य आम्लारी रेणूंना धरून ठेवते. अ‍ॅम्फेटामाइनच्या रेणूत बदल करून त्याचा आम्लारी गुण काढून टाकला, तर हा भेद दिसेनासा होतो. उल्बर्ग यांच्या फिल्मवर क्लोरप्रोमझीन दिलेल्या रंगीत उंदरांचे डोळे काळे उठून दिसत आणि रंगहीन जातीच्या उंदरांचे दिसत नसत, त्यामागेही हेच कारण आहे. या भेदामुळे केसांच्या चाचणीतील आकड्यावरून दोन व्यक्तींच्या सेवनाची तुलना करणे धोक्याचे ठरते.

प्रश्न : उंदरासाठीची मात्रा वजनाच्या प्रमाणात वाढवून मोठ्या प्राण्याला देता येईल का?

उत्तर : याचे उत्तर १९६२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात एका हत्तीच्या जिवावर मिळाले. हत्तीच्या मदावस्थेचा अभ्यास करण्यासाठी संशोधकांनी टस्को नावाच्या सुमारे ३ टन वजनाच्या नर हत्तीला एलएसडी हे तीव्र भ्रम निर्माण करणारे द्रव्य २९७ मिलिग्रॅम टोचले. ही मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने, मांजरांवरील अनुभव समोर ठेवून ठरवलेली होती, आणि माणसाच्या १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेशी तुलना केली तर ती सुमारे ३००० पट होते. हत्ती पाच मिनिटांत कोसळला आणि पावणेदोन तासांच्या आत मेला. त्याला वाचवण्यासाठी मधल्या काळात प्रोमझीन आणि पेंटोबार्बिटाल ही शांत करणारी औषधेही दिली होती, त्यामुळे मृत्यूला नेमके कोणते द्रव्य किती जबाबदार होते, यावर अजून वाद होतो. १९८४ मध्ये दोन हत्तींना पाण्यातून एलएसडी दिले गेले आणि ते दोन्ही जगले.

मूळ चूक मात्र गणिताची होती. प्राण्यांचा चयापचय वजनाच्या थेट प्रमाणात वाढत नाही, तर ढोबळमानाने वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताने वाढतो. ३ किलोच्या मांजराला ०.३ मिलिग्रॅम धरले, तर हजारपट वजनाच्या हत्तीला सरळ हिशेबाने ३०० मिलिग्रॅम येतात, आणि चयापचयाच्या हिशेबाने सुमारे ५३. हा आकडासुद्धा सुरक्षित म्हणून घेऊ नये, कारण तो केवळ आकाराचा हिशेब सांभाळतो, त्या जातीच्या यकृताचा, रक्तप्रथिनांचा आणि मेंदूतील ग्राहींचा नाही.

जातीजातींतला फरक आकाराच्या नियमालाही कसा चकवतो, हे एलएसडीच्याच आकड्यांत दिसते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला छोट्या उंदरात सुमारे ७ मिनिटे लागतात, मांजरात १३०, माकडात १०० आणि माणसात १७५. माकड मांजराहून मोठे असून द्रव्य लवकर काढून टाकते. काही सशांच्या रक्तात तर बेलाडोना या विषारी वनस्पतीतील अ‍ॅट्रोपिन फोडणारे विकरच असते, त्यामुळे माणसाला भ्रम होऊन तो दगावेल इतकी बेलाडोनाची पाने ते खाऊ शकतात. म्हणून नव्या प्राण्यात औषध वापरताना आधी त्याच जातीत ते रक्तातून किती वेगाने जाते आणि मेंदूत त्याचा मोकळा अंश किती राहतो हे अत्यल्प मात्रेवर मोजतात, आणि मगच पुढची मात्रा ठरवतात.